थायमोमाचा 'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट' म्हणजे आईकडे पाचच वर्षं उरलीत का?

नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अकरा वर्षांपूर्वी मीही तो आकडा असाच वाचला होता आणि अख्खी रात्र छताकडे बघत काढली होती.

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी आईची थायमसची (छातीच्या मधल्या हाडामागच्या ग्रंथीची) गाठ काढली. रिपोर्टमध्ये 'थायमोमा, टाइप बी२, मासाओका-कोगा स्टेज २, मार्जिन क्लिअर' असं आहे. थायमोमा म्हणजे थायमसचा कॅन्सर, बी२ हा पेशी कशा दिसतात यावरून ठरलेला त्याचा प्रकार, आणि मार्जिन क्लिअर म्हणजे काढलेल्या भागाच्या कडांवर कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. रेडिएशन द्यावं की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत, आणि नेटवर जिथे बघावं तिथे 'पाच वर्षं'. मी डॉक्टर नाही, याच आजाराचा पेशंट आहे. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

पाच वर्षांचा सर्व्हायव्हल म्हणजे निदान झाल्यावर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात होते, एवढंच. पाच हा सगळ्याच कॅन्सरसाठी ठरवून घेतलेला सोयीचा टप्पा आहे. सहाव्या वर्षी काय होतं याबद्दल तो काहीच बोलत नाही. जे गेले ते याच आजाराने गेले, असंही त्यातून कळत नाही. थायमोमा बहुतेकदा इतका सावकाश वाढतो की पुष्कळ पेशंट शेवटी वेगळ्याच कारणाने जातात.

तुमच्या रिपोर्टमधलं मासाओका हे नाव एका जपानी सर्जनचं. १९८१ साली त्यांनी गाठ स्वतःच्या आवरणाबाहेर किती पसरली आहे यावरून चार स्टेज मांडल्या. त्यांच्या पेशंटांमध्ये पाच वर्षांनी हयात असलेले असे: पहिल्या स्टेजमध्ये ९२.६ टक्के, दुसरीत ८५.७, तिसरीत ६९.६ आणि चौथीत ५०. हे लोक त्याही आधीच्या काळात ऑपरेशन झालेले, हे विसरू नका. जुन्या आकड्यांवरून आजच्या माणसाचं भविष्य सांगणं मला तरी पटत नाही. आणि एक गोंधळ आत्ताच टाळा: उद्या कुणी नव्या टीएनएम पद्धतीने (स्टेज ठरवायची दुसरी पद्धत) रिपोर्ट लिहिला तर आईची हीच गाठ बहुधा 'स्टेज १' म्हणून येईल. आजार मागे गेला असं नाही, मोजपट्टी बदलली.

मला स्वतःला धीर आला तो वेगळ्या आकड्यांनी. २००३ साली जपानमधल्या ११५ रुग्णालयांतल्या १३२० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या-चौथ्या स्टेजचा थायमोमा असलेल्यांपैकी ज्यांची गाठ पूर्ण निघाली, त्यांच्यातले ९३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. थोडी मागे राहिली त्यांच्यात ६४ टक्के, आणि ऑपरेशनच करता आलं नाही त्यांच्यात ३६. आता अर्थात, जिची गाठ पूर्ण निघू शकते तिचा आजार मुळातच जरा बरा असतो, त्यामुळे सगळं श्रेय सुरीला देता येत नाही. तरीही या आजारात 'स्टेज कितवी?' याच्या आधी 'सगळी निघाली का?' हे विचारावं, असं माझं मत त्या दिवसापासून झालं. तुमच्या रिपोर्टमधले सगळ्यात मोलाचे शब्द 'बी२' नाहीत, 'मार्जिन क्लिअर' हे आहेत.

नेटवर वाचताना अजून एक काळजी घ्या. थायमिक कार्सिनोमा हा थायमसचाच, पण बराच आक्रमक कॅन्सर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे आकडे थायमोमाबरोबर एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात. वरच्याच अभ्यासात कार्सिनोमाची गाठ पूर्ण निघूनही पाच वर्षांनी ६७ टक्केच हयात होते. आईचा बी२ हा थायमोमाच आहे. ते दुसरं पान तुमच्यासाठी नाही, बंद करा.

रेडिएशनचं म्हणाल तर दोन डॉक्टरांची दोन मतं असणं यात कुणाची चूक नाही. पहिल्या स्टेजची गाठ पूर्ण निघाली तर रेडिएशन देत नाहीत. मार्जिनवर पेशी सापडल्या तर देतात, आणि तिसऱ्या स्टेजलाही बहुतेक ठिकाणी देतात. पूर्ण निघालेली दुसरी स्टेज नेमकी मध्ये लटकते. गाठीने आवरण फक्त सूक्ष्मदर्शकाखाली ओलांडलेलं दिसतंय (२अ) की डोळ्यांना दिसेल इतकं (२ब), यावर बरंच अवलंबून असतं. लागूनच हृदय आणि फुप्फुसं असतात, त्यांना बसणारा डोसही मोजावा लागतो. वय कमी असेल तर हा हिशेब जास्त कडक, कारण हृदयावरचा परिणाम उशिरा दिसतो. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: २अ की २ब? माझी २अ होती, मी रेडिएशन घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका असं मी म्हणत नाहीये.

केमोचा विषय आईच्या बाबतीत बहुधा निघणारच नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल तर ऑपरेशनआधी ती लहान करायला, किंवा पसरलेल्या आजारात केमो वापरतात. इम्युनोथेरपीबद्दल (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) मात्र कुणी उत्साहाने सांगितलं तर जरा थांबा. थायमोमात मुळातच प्रतिकारशक्ती स्वतःच्या शरीरावर उलटायची खोड असते, त्यामुळे या औषधांनी हृदयाच्या स्नायूला गंभीर सूज येण्याचा धोका इतर कॅन्सरपेक्षा जास्त दिसला आहे.

आता माझी नावडती गोष्ट. त्याच जपानी अभ्यासात आजार परत येण्याचं प्रमाण पहिल्या स्टेजला ०.९ टक्के, दुसरीला ४.१ आणि तिसरीला २८.४ होतं. त्या चारांतला एक मी. ऑपरेशनला आठ वर्षं झाली होती, 'पाच वर्षं' पार केल्याचे पेढे वाटून झाले होते, आणि सीटीमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर दोन दाणे दिसले. थायमोमा परत येतो तो बहुतेकदा तिथेच. ते काढले, त्याला तीन वर्षं झाली, आणि मी तुम्हाला हे उत्तर लिहितोय. परत आलेला थायमोमाही अनेकदा काढता येतो, फक्त तो वेळेत दिसायला हवा. म्हणून थायमोमात सुरुवातीची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढे दहा वर्षांपर्यंत दरवर्षी सीटी करायला सांगतात. पाच वर्षांनी 'आता पुरे' म्हणणारे नातेवाईक भेटतील. माझ्या घरी तर मीच तो नातेवाईक होतो.

आणि आईच्या पापण्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. माझा आजार सापडला तोच मुळी तिथून: जिना उतरताना एकाच्या दोन पायऱ्या दिसायला लागल्या, मी दोनदा चष्मा बदलला, शेवटी न्यूरॉलॉजिस्टने मायस्थेनिया ग्रेव्हिस (प्रतिकारशक्ती उलटल्याने स्नायू लवकर दमण्याचा आजार) सांगितला आणि छातीचा सीटी करायला लावला. थायमोमाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त पेशंटांना हा मायस्थेनिया असतो. काहींना तो गाठ काढल्यावरही सुरू होतो, विशेषतः रक्तात त्याच्या अँटिबॉडी आधीपासून असतील तर. ऑपरेशनआधी ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी झाली होती का, ते फाइलमध्ये बघा. संध्याकाळी पापणी जड होणं, एकाचे दोन दिसणं, जेवताना जबडा दमणं, बोलता बोलता आवाज नाकातून येणं, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक इमर्जन्सीत न्या, आणि थायमोमाचं ऑपरेशन झालंय हे दारातच सांगा, कारण मायस्थेनियात काही नेहमीची अँटिबायोटिक्सही चालत नाहीत.