०.७१ चं प्रकरण

प्रिय मुली,

तू काढलेला कर्जाचा हप्ता बँकेच्या पत्रकाशी जुळत नाही, ३२ रुपयांचा फरक येतो, तर नवा कॅल्क्युलेटर घ्यावा का, असं विचारलंस. अप्पा बळवंत चौकातली खेप वाचव. यंत्र ठणठणीत आहे.

तुझेच आकडे मी माझ्या जुन्या एचपी १२सी या आर्थिक हिशोबाच्या कॅल्क्युलेटरवर घातले. २५ लाख, ८.५ टक्के, २४० महिने. हप्ता २१,६९५.५८, बँकेचा आहे तोच. मग तू केलं असशील तसं केलं: ८.५ भागिले १२, पडद्यावर ०.७१, ते वहीत उतरवलं आणि वहीतून पुन्हा टाकलं. हप्ता आला २१,७२७.२४! पडद्यावर दोनच दशांश दिसत होते, पोटात मात्र ०.७०८३३३३३३३ अख्खं होतं. ते आपणच पुसलं. वीस वर्षांत याचे साडेसात हजारांवर होतात. मधला आकडा वहीत घ्यायचाच नाही. ८.५, मग निळं जी बटण, मग १२÷ चं. दर आपोआप आत बसतो.

यंत्र खरंच कुठे अडखळू शकतं ते बघायचं असेल तर एक गंमत कर. दर सेकंदाला एक पैसा भरायचा, वर्षभर. दर १० टक्के, चक्रवाढही दर सेकंदाला. हप्ते ३,१५,३६,०००, म्हणजे भरले ३,१५,३६० रुपये. उत्तर यायला हवं ३,३१,६६७.०१. इथे एका सेकंदाचा दर ०.००००००००३१७ च्या आसपास. दहा अंक धरणाऱ्या यंत्राने सूत्रातल्याप्रमाणे आधी त्यात १ मिळवला, की उरतं १.००००००००३, पुढचे १७ गळाले. तेवढ्यावर उत्तर ३,१२,९२५ च्या घरात येतं. वर्षभर व्याज मिळूनही भरल्यापेक्षा कमी! १९८१ च्या १२सी मागे विल्यम काहान या गणितज्ञाचं डोकं होतं, म्हणून ते या खड्ड्यात पडत नाही. हप्त्याच्या कर्जात असला प्रसंग तुझ्यावर येणारही नाही.

येतो तो वेगळाच. मी बँकेच्या कर्जविभागात नवी होते तेव्हा टेबलावरचं यंत्र सगळे वापरायचे. कोणीतरी भाड्याचा हिशोब करताना बिगिन लावून ठेवलं, म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. बंद करून चालू केलं तरी ते तसंच राहतं. मी अख्खा दिवस कमी हप्ते सांगत बसले. तुझ्या कर्जाला तेव्हा २१,५४२.९८ दिसलं असतं, आणि पटण्यासारखंच वाटलं असतं. पडद्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत बिगिन लिहिलेलं होतं, माझ्या नाकासमोर. साहेबांनी काही न बोलता त्यावर बोट ठेवलं.

तुझ्या सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेला हे यंत्र चालतं, टीआयचं (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं) बीए टू प्लसही चालतं. मैत्रिणीकडे ते असेल तर एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर भांडाल. याच कर्जाला हप्ता २२,००० केला तर किती महिन्यांत फिटेल? तिचं यंत्र म्हणेल २३१.५५. १२सी म्हणेल २३२, कारण महिन्यांची संख्या काढताना ते वरच्या पूर्णांकावर जातं. दोघी बरोबर, फक्त शेवटचा हप्ता पूर्ण २२,००० चा नसेल. बँक २१,६९६ असा गोल हप्ता लावते तेव्हाही तेच: शेवटच्या महिन्यात सुमारे २६० रुपये कमी भरायचे असतात.

माझ्या पुस्तिकेत वापरासाठी ० ते ५५ अंश लिहिलंय, नुसतं ठेवायला ६५ पर्यंत. एप्रिलातल्या दुपारी स्कूटरच्या डिकीत टाकून लक्ष्मी रोडला हिंडू नकोस एवढंच. पडदा काळवंडलेला मी पाहिलाय.

रविवारी येशील तेव्हा वहीही घेऊन ये. तिच्यात आणखी किती ०.७१ आहेत ते बघू.

तुझी,
मावशी