अकरा किलोमीटर खोलीवरून वर येताना हवेच्या टाक्या का चालत नाहीत

प्रश्न असा आहे: मारियाना गर्तेच्या तळाशी गेलेलं यान पाणबुडीसारखं टाक्यांत हवा भरून वर का येत नाही, आणि नुसतं खाली जायलाच चार तास का लागतात? दोन्हींचं उत्तर वजनाच्या हिशेबात आहे.

आधी हवेचं बघू. चॅलेंजर डीप या गर्तेतल्या सर्वांत खोल जागी, म्हणजे सुमारे 10,920 मीटरवर, दाब साधारण 1,100 बार असतो. नखाएवढ्या चौरस सेंटिमीटरवर अकराशे किलोंहून जास्त भार! हवेचं सिलिंडर भरलेलं असतं 200 ते 300 बारला. तिथे झडप उघडली तर टाकीतलं पाणी बाहेर जाणार नाही, उलट समुद्रच सिलिंडरमध्ये शिरेल. म्हणून हवेच्या टाक्या फक्त पृष्ठभागावर कामाच्या; झाकण लाटांच्या वर राहावं एवढ्यासाठी.

त्यामुळे यान मुळात तरंगणारंच बांधतात. माणसं बसतात तो गोळा जड असतो (तळापर्यंत जाणाऱ्या ‘लिमिटिंग फॅक्टर’ या यानाचा टायटॅनियमचा गोळा 90 मिलिमीटर जाड आहे), आणि तो तरंगवायला सिंटॅक्टिक फोम असतो: काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे इपॉक्सीत घट्ट बसवून केलेले ठोकळे. खाली नेतं ते बाहेर अडकवलेलं लोखंडी वजन. ते सोडलं की यान आपोआप वर. वर यायला मोटर लागू नये, बॅटरी लागू नये, हा या रचनेचा पाया आहे आणि तो पक्का असेल तरच माणसाने आत बसावं.

आता वेळ. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट हवा तर निव्वळ वजन चौपट लागतं, आणि ते सगळं तळाशी टाकूनही द्यावं लागतं. म्हणून सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास समाधान मानतात. त्या हिशेबाने चार तास होतात. ‘डीपसी चॅलेंजर’ हे यान उभं आणि निमुळतं होतं, म्हणून 2012 मध्ये त्यातून चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन 2 तास 36 मिनिटांत पोहोचले.

खरी मेख मात्र दाबाने आकसण्यात आहे. तळाशी समुद्राचं पाणी पृष्ठभागापेक्षा सुमारे 5 टक्के जास्त घन असतं. 12 टनांचं यान अजिबात आकसलं नाही, तर तळाशी त्याला 600 किलोंची जादा उचल मिळेल. फोम आणि गोळाही थोडे आकसतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक कमी पडतो, पण तो आधी काढूनच ठेवावा लागतो. 1960 मध्ये या तळाशी पहिल्यांदा माणसं नेणाऱ्या ‘त्रिएस्त’चं उलट होतं. तिला तरंगवायला सुमारे 85,000 लिटर पेट्रोल होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा जास्त दाबलं जातं, शिवाय थंड होऊन आकसतं. त्यामुळे ती खोल जाईल तशी जड होत गेली आणि वाटेत लोखंडी छर्रे सोडून वेग आवरावा लागला.

डाइव्हच्या दिवशी माणसांचं कपड्यांसकट वजन करतात. कॅमेरे, अवजारं, आणायचे दगड, सगळं मांडतात. लोखंड हवेत 100 किलो असेल तर पाण्यात साधारण 87 किलोच धरायचं; नवखे इथे हमखास चुकतात. तळ 200 मीटरवर आला की छोटी वजनं एकेक करून टाकायची आणि यान जवळजवळ तोलात आणायचं. उशीर केला तर यान गाळात आदळतं. तिथला गाळ पिठासारखा बारीक असतो. ‘त्रिएस्त’ टेकली तेव्हा असा ढग उठला की तळाचे फोटोच घेता आले नाहीत.

वजन सुटलंच नाही तर? म्हणून सोडण्याचे मार्ग एकमेकांवर अवलंबून नसावेत. पहिला, चालकाने बटण दाबून. दुसरा, इलेक्ट्रोमॅग्नेट: वीज असेपर्यंतच पकड, वीज गेली की वजन सुटलं. ‘त्रिएस्त’चे छर्रेही असेच धरलेले होते. यान कुठे अडकलं तर बॅटऱ्या, थ्रस्टर (यान ढकलणारे पंखे) आणि यांत्रिक हातही तोडून टाकता यावेत, अशी सोय ‘लिमिटिंग फॅक्टर’मध्ये आहे. आतली माणसं बेशुद्ध पडली तरी चालेल असा शेवटचा मार्ग म्हणजे समुद्राच्या पाण्यात ठरावीक तासांत गंजून तुटणारा धातूचा दुवा. आणीबाणीसाठी 96 तासांचा प्राणवायू ठेवतात, तो या सगळ्याला वेळ मिळावा म्हणूनच.

हा दुवा प्रत्येक डाइव्हला नवा लावायचा आणि हातमोजे घालून बसवायचा. त्यावर ग्रीसचं एक बोट लागलं तरी तेवढा भाग पाण्यापासून झाकला जातो, आणि दुवा वेळेवर तुटत नाही.