रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) नवीन लॅपटॉपवर डेटाबेस उभा करताना सगळी मायग्रेशन (डेटाबेसमध्ये एकेक बदल करणाऱ्या फाइली) पळवायची की थेट स्कीमा (टेबलांचा आजचा ढाचा) लोड करायचा?

कोरा डेटाबेस असेल तर सरळ डीबी:स्कीमा:लोड ही कमांड मारा, मायग्रेशन पळवायची ती जिथे आधीच डेटा आहे तिथे, म्हणजे प्रॉडक्शन (खरे युजर वापरतात तो), स्टेजिंग (चाचणीचा) किंवा तुमच्याच मशीनवरचा कालचा लोकल डेटाबेस. कारण जुन्या एखाद्या मायग्रेशनमध्ये कुणीतरी यूजर.फाइंड_ईच (सगळ्या यूजरवर एकेक करून फिरणं) असलं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, आज ते यूजर मॉडेलच, म्हणजे त्या टेबलाचा कोडमधला क्लासच, उडवलेलं असतं, की मधेच एरर येऊन गाडी अडकते. हे मी मनाचं सांगत नाहीये, रेल्स जी स्कीमा.आरबी फाइल बनवतं तिच्या वरच्या कॉमेंटमध्येच हे लिहिलंय, ती कॉमेंट कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. फक्त एक बघा, त्या फाइलमध्ये टेबलांचा ढाचा येतो, मायग्रेशनमधून भरलेला डेटा येत नाही (तो सीड्समध्ये, म्हणजे सुरुवातीचा डेटा भरणाऱ्या फाइलमध्ये टाका), आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड) वगैरे असतील तर तेही गळतात, त्यासाठी कॉन्फिगमध्ये स्कीमा_फॉरमॅट :एसक्यूएल करा म्हणजे तिच्याऐवजी स्ट्रक्चर.एसक्यूएल फाइल बनते. आणि हो, भरलेल्या लोकलवर लोड मारू नका, त्यात फोर्स: :कॅस्केड असतं, टेबलं आधी उडतात मग नव्याने बनतात.