'सुचलंच पाहिजे'मधला 'च'

"मॅडम, सगळ्यांना काहीतरी सुचतं, मलाच सुचत नाही." कॉलेजांतले रोबोटिक्स क्लब, विज्ञान मंडळं नवे सभासद घेऊ लागली की हे वाक्य माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतंच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, घरी निफाडकडची कांद्याची शेती. क्लबात नाव घातलेलं, पण मीटिंगला जाणं बंद. विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेला प्रकल्प न्यायचा होता आणि सीनियर विचारत, "तुझी आयडिया काय?"

"नाही सुचली तर?" मी विचारलं.

"सुचलीच पाहिजे ना!"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली; 'झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं ते सांगत. हा 'च' आमच्या कानाला लगेच टोचतो. दोन भेटी त्या 'च'वरच गेल्या. तो मान डोलवायचा, पण मीटिंगला काही जायचा नाही. खरं सांगायचं तर मीच जास्त बोलत होते.

तिसऱ्या भेटीला उशिरा आला. "घरी चाळीतला कांदा निवडायला गेलो होतो." मी सहज विचारलं, कसा आहे कांदा? आणि मुलगा सुटलाच. "आप्पा रोज सकाळी चाळीच्या कडेनं वास घेत फिरतात. कुठं सडलाय ते नाकानं सांगतात. पण वास बाहेर येईपर्यंत आत पाटीभर गेलेला असतो."

थांबला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, क्लबच्या ड्रॉवरमध्ये गॅस सेन्सर नुसते पडून आहेत."

मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली आहेत. त्याचा 'च' माझ्या युक्तिवादानं गेला नव्हता. मनाला दुसरं काम मिळालं, म्हणून गेला.

म्हणून क्लब चालवणाऱ्या मुलांना सांगते, नव्या मुलाला पहिल्याच दिवशी आयडिया मागू नका. घरी कशाचा वैताग येतो ते विचारा, हातात सोल्डरिंग गन द्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' उपग्रहाचं काम 2008 साली सुरू केलं, तो उडाला जून 2016 मध्ये. मधल्या बॅचेसनी दुसऱ्याचंच अर्धवट काम पुढे नेलं. त्यांना कल्पक म्हणायचं नाही का?

त्याचा सेन्सर पहिल्या चाचणीत चांगल्या कांद्यालाही बोंबलला. आप्पा पोट धरून हसले म्हणे. तीच अडचण घेऊन तो शनिवारच्या मीटिंगला गेला.