वर्षाचे दोन सांधे

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

परवा हर्णैच्या बंदरावर तू विचारलंस, "काका, दर्यावर सगळ्यात वाईट महिना कुठला?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणालास, "जुलै असणार." भोवती माणसं होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. पण येत्या ऑगस्टपासून तू आपल्या नौकेवर चढणार आहेस आणि तुझ्या आईला मी शब्द दिलाय. सावकाश वाच.

जुलैत दर्या खवळलेला असतो हे खरं, पण तेव्हा आपण दर्यावर नसतोच. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा काळ म्हणून सरकारने घातलेली ही बंदी, पण बंदी नव्हती तेव्हाही आपल्या आज्या-पणज्यांनी नौका वर ओढून झापांनी शाकारून ठेवल्याच होत्या. समोर डोंगराएवढी लाट दिसत असताना कोण जातो? घात होतो तो दर्या सपाट दिसतो तेव्हा. म्हणून वाईट महिना विचारू नकोस, वर्षाचे सांधे विचार. ते दोन आहेत. पाऊस यायच्या आधीचा, मे महिना ते जूनचा पहिला आठवडा. आणि पाऊस गेल्यानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर.

अरबी समुद्रातली चक्रीवादळं बहुतेक याच दोन सांध्यांत उठतात. ऐन पावसात वरच्या थरातला वारा आणि खालचा वारा यांच्या दिशेत आणि वेगात इतका फरक असतो की वादळाचं चक्र उभंच राहत नाही, मोडून जातं. सांध्याला मात्र पाणी तापलेलं असतं आणि वरचा वारा ढिला पडलेला असतो. फयान आलं ११ नोव्हेंबर २००९ ला. निसर्ग ३ जून २०२० ला. तौक्ते मे २०२१ मध्ये. तारखा लावून बघ.

फयानचं तुला नीट सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. १० नोव्हेंबरला आम्ही वीस वाव खोल पाण्यात होतो. मी सुकाणूवर, तांडेल म्हणजे नौकेचे म्होरके म्हातारे होते, आता नाहीत. बांगडा असा लागला होता की जाळं ओढताना हात भरून येत होते. हिवाळ्याच्या तोंडाशी मतलई वारा कसा वागतो ते तुला ठाऊक असेलच. रात्री जमीन लवकर निवते, दर्या ऊब धरून राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे सुटतो. त्याला ओल्या पेंढ्याचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो. नऊ-दहाला तो पडतो, तासभर दर्या तेलासारखा होतो आणि दुपारी पश्चिमेचा खारा वारा भरतो. शिडाच्या काळात लोक मतलईवर बाहेर जायचे आणि खाऱ्यावर घरी यायचे.

त्या दिवशी दहा वाजले, मतलई पडला नाही. अकरा वाजले, उलट त्याने जोर धरला. आभाळ उघडं होतं, फक्त खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पट्टे दक्षिणेकडून पसरत होते. तांडेलांनी गाल वाऱ्याकडे केला, दोन मिनिटं तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "जाळी घ्या. घरी." मी म्हणालो, अजून दोन जाळी टाकलेली आहेत, मासळी आहे त्यांत. ते म्हणाले, "दक्षिणेला काहीतरी बसलंय. ते हा वारा ओढतंय." एक जाळं घेतलं, दुसरं सोडून दिलं. वादळ दक्षिणेला असलं की त्याच्या वरच्या अंगाला वारा पूर्वेचाच लागतो, हे मला नंतर कळलं. त्यांना ते गालावर कळलं होतं.

आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो तर दुपारचे तीन, आणि भरती अजून अर्धवटच. तिथे वाळू साचून पाणी उथळ झालंय. त्यात कार्तिक वद्य अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे भरती आली तरी पाणी बेताचंच चढणार. सुवर्णदुर्गाच्या अलीकडे नांगर टाकून थांबलो. सहा वाजून गेल्यावर कुठे पाणी आलं आणि आत शिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. तोवर आमच्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतले लोक वाट बघत बसले होते, आणि काहींची वाट आजही संपलेली नाही. त्या सोडून दिलेल्या जाळ्यासाठी मी वाटभर तोंड वाकडं केलं होतं, ते आजही मनाला लागतं.

भरतीचा हिशेब तू पाठच कर, मोबाइल असला तरी. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. थोडं मागेपुढे होतं, पण खाडीच्या तोंडाशी रात्री बॅटरी संपलेली असताना हा हिशेब नौका वाचवतो.

आता नारळी पौर्णिमेबद्दल. नारळ सोन्याचा म्हणून वाहतो तो मनापासून वाहा, मीही वाहतो. पण नारळ वाहिला म्हणजे दर्या शांत झाला असं धरून चालू नकोस. तिथी चंद्राची, पाऊस सूर्याचा. २०२० साली पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, आणि दोनच दिवसांनी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा नोंदला गेला. २०२३ साली अधिक श्रावण होता, तर पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला. सरकारची तारीख १ ऑगस्ट. मधल्या त्या दिवसांत बाजारात भाव चढलेला असतो, मालकाला घाई असते, डिझेल भरलेलं असतं. तू मात्र लाट बघ. बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर कुणी काही म्हणो, नांगर उचलायचा नाही. हैदराबादच्या इंकॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज येतो, तो बघ, आणि मग तोंड वर करून आभाळही बघ.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे शिकायचे महिने. पहाट थंड, दर्या गुळगुळीत, धुरकट हवेत किल्ला दिसत नाही एवढीच अडचण. सुकाणू मी तुझ्या हातात तेव्हाच देणार. मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा वाढत जातो, शिमग्याला निम्मे खलाशी गावाला जातात, आपल्याकडची नेपाळी पोरंही कधी कधी परततात. तेव्हा कमी माणसांत लांब जायचं नाही, हा आपल्या नौकेचा नियम आहे. मे महिन्यात वारा नसताना, ढग नसताना नैर्ऋत्येकडून लांब-लांब, संथ लाटा यायला लागतील. त्या हजारो किलोमीटरवरच्या दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या असतात. त्या दिसल्या की दोर आणि नांगर तपासायला घ्यायचे.

निसर्गच्या वेळी नौका खाडीतच होती. किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे पानांसारखे उडाले. आपल्या नौकेचे दोन दोर तुटले, तिसरा टिकला. तो तिसरा मी आदल्या दिवशी बायकोच्या आग्रहावरून बांधला होता. खाडीत आहे म्हणजे सुटलो, असं तेव्हापासून मी कधी म्हटलेलं नाही.

आणि हे सांधे आता रुंद होत चाललेत, हे माझ्या वडिलांच्या वेळी नव्हतं. २०१९ साली अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली. त्यातलं क्यार ऐन दिवाळीत आलं, पाठोपाठ महा. क्यार आपल्या किनाऱ्याला लागलंसुद्धा नाही, ओमानकडे वळलं, तरी आम्ही जयगडच्या आसऱ्याला पडून होतो आणि बांगड्याचा मोसम डोळ्यांसमोरून गेला. घरी सणाला पैसे नव्हते. त्या दिवसांत कर्ज काढून बसलेला मालक तुला "एक फेरी तर मारून या" म्हणेल. त्याच्यावर राग धरू नकोस, त्याचीही तारांबळ असते. पण जायचं नाही. ते सांगायची वेळ आली तर मला पुढे कर.

सोमवारी सकाळी घरी ये. दोन जाळी अजून सांधायची राहिली आहेत, आणि नौकेच्या फटींत कापूस ठासून राळ भरायचीय. येताना जुनी लुंगी आण, राळेचे डाग जात नाहीत. सुई आणि दोरा माझ्याकडे आहे.

तुझा
काका