पेटी नंतर, आधी फुलं

मधमाश्या पाळायच्या म्हणताय ना, मग पेटी उघडायची घाई करू नका. आधी फुलांपाशी बसा. एकच माशी हेरा आणि ती जाईल तिकडे नजर न्या. एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. शेजारी दुसरं फूल उमललेलं असलं तरी वळत नाही. परागीभवनाचं इंगित हेच, कारण मोहरीचा पराग मोहरीलाच उपयोगी.

मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी गोळ्या दिसल्या तर ती पराग नेतेय. अंगावरच्या केसांत अडकलेला पराग पायांनी विंचरून, मकरंदाने ओलसर करून ती तिथे थापते. हा पराग पिल्लांच्या पोटात जाणार. फुलाच्या वाट्याला येतो तो केसांत राहून गेलेला कोरडा पराग. गोळ्या नसतील आणि सोंड खोल गेली असेल तर मकरंद शोषणं चाललंय. काही फुलांत ती बाजूने सोंड घालून मकरंद पळवते, पुंकेसरांना शिवतही नाही! म्हणून माशी बसली की परागीभवन झालंच, असं वहीत लिहू नका.

टोमॅटो-वांग्यांचा पराग झडायला फूल थरथरवावं लागतं. भुंग्यांना ते जमतं, मधमाशीला नाही.

अन्नाची दिशा आणि अंतर सांगणारा माश्यांचा नाच (तो उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं) पेटीतच दिसतो, तो पुढे बघू. पेटीजवळ गेलात तर दारासमोर मात्र उभे राहू नका, बाजूला थांबा. तो त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे.