मेडिकलच्या काउंटरवरची गोळी आणि मुलीचं इनऑर्गॅनिक

प्रश्न : माझं बार्शीत मेडिकलचं दुकान आहे. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.ला ऑर्गॅनिक (सेंद्रिय रसायन) घेतलं तर फार्मा कंपनीत लागेल, असं आमचं मत. ती इनऑर्गॅनिकच (असेंद्रिय, म्हणजे धातू वगैरेंचं रसायन) घेणार म्हणते. कॉलेजात ब्राउन रिंग टेस्ट (नायट्रेट ओळखायची चाचणी) केल्यापासून नायट्रिक ऑक्साइड आणि लोखंड हेच तिच्या डोक्यात आहे. एका वायूवर पोट भरतं का? तिला कसं समजवावं?

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी अनाठायी नाही, हे आधी सांगते. नुसत्या एम.एस्सी.वर लगेच नोकरी हवी असेल तर ऑर्गॅनिकवाल्यांना संधी जास्त आहेत. कुरकुंभ किंवा तारापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना तीच माणसं लागतात. इनऑर्गॅनिकचा रस्ता लांबचा आहे आणि बहुतेकांना तो पीएच.डी.पर्यंत चालावा लागतो.

पण वायूचं म्हणाल, तर तो तुमच्या दुकानातच आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी तुम्ही नेहमी देता. शरीरात तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. रक्तवाहिनीच्या स्नायूत ग्वानिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या हीममधल्या (हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा लोखंडाचा गट) लोखंडाला हा रेणू जाऊन चिकटतो. तो चिकटला की त्या लोखंडाचा पलीकडच्या हिस्टिडिनशी (एन्झाइममधलं एक अमिनो आम्ल) असलेला बंध सुटतो, एन्झाइम जोरात कामाला लागतं, सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो आणि रक्तवाहिनी सैलावते. सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध) घेणाऱ्याला ही गोळी द्यायची नाही, हे तुम्हाला पाठ असेल. कारण इथलंच आहे : सिल्डेनाफिल ते सीजीएमपी मोडू देत नाही, आणि रक्तदाब धोकादायक इतका खाली येतो. शरीरातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

आता तिच्या रिंगबद्दल. परीक्षानळीत नायट्रेटचं द्रावण, त्यात ताजं फेरस सल्फेट, आणि नळी तिरकी धरून कडेने हळूच सोडलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडं उमटतं, आणि नळी हलली की जातं. लोखंडाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, त्यातल्या एकाला उठवून नायट्रेटपासून तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड तिथे बसतो. टीवायची मुलं इथे लिहितात, ‘लोखंडाची ऑक्सिडेशन स्थिती अधिक एक’ (म्हणजे लोखंडाचा एकच इलेक्ट्रॉन कमी धरायचा), आणि गुण घेऊन पुढे जातात.

तुमची मुलगी इथेच अडली असावी, आणि अडण्यासारखंच आहे. या संयुगाचं चुंबकीय मापन तीन एकटे इलेक्ट्रॉन दाखवतं. नायट्रिक ऑक्साइडकडे स्वतःचा एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. तो लोखंडाला दिला असं धरा, हिशेब तीनवर येतो. लोखंडाकडूनच एक घेतला असं धरा, तरी तीनच. दोघांनी आपापले ठेवले आणि एकमेकांविरुद्ध दिशेने जुळवले, तरी तीन! म्हणून एनेमार्क आणि फेल्थम या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वाटणीचा वादच बाजूला ठेवला आणि धातू व नायट्रिक ऑक्साइड मिळून इलेक्ट्रॉन मोजायची रीत घातली. त्या रीतीप्रमाणे इथे सात येतात. शाळेपासून शिकवल्या जाणाऱ्या या रिंगमधल्या संयुगाची स्फटिकातली रचना म्युनिकच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली ती थेट २०१९ मध्ये. ज्या मुलीला हे वाचून झोप येत नाही, तिला ‘समजवून’ ऑर्गॅनिकला बसवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पोटाचं बोलू. हाच वायू गाड्यांच्या धुरात असतो. पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ऱ्होडियम त्याचा नायट्रोजन करतं; अनेक डिझेल गाड्यांत तेच काम अमोनियाच्या मदतीने तांबं बसवलेले झिओलाइट (सच्छिद्र खनिजं) करतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यावर हे तंत्र आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर आलं. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या उत्सर्जनाच्या चाचण्या होतात. आणि फार्मातही इनऑर्गॅनिकवाल्यांना जागा आहे : औषधात शिसं, पॅलेडियमसारखे धातू किती उरले हे आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर तपासावंच लागतं. मात्र ते यंत्र हाताळलेलं हवं, नुसत्या पुस्तकावर कोणी घेत नाही.

तेव्हा तिने आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी. अर्ज साधारण सप्टेंबरपासून भरता येतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. जेआरएफ नाही मिळाली तर काय, हे आजच घरात बोलून ठेवा. मी पर्याय म्हणून विश्लेषणाची यंत्रं शिकणं सुचवेन.

एक गोष्ट मात्र निर्णयाआधी व्हायला हवी. धातूच्या नायट्रोसिल (धातूला नायट्रिक ऑक्साइड जोडलेल्या) संयुगांवर काम करताना बराच वेळ हवा लागू न देता पदार्थ हाताळण्यात जातो, कारण हवा लागली की नायट्रिक ऑक्साइडचा विषारी तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हे तिने घरी किंवा एकटीने करून पाहू नये. सुट्टीत महिना-दोन महिने एखाद्या इनऑर्गॅनिक प्रयोगशाळेत काम करावं, त्यासाठी आयसर (केंद्राची विज्ञान संशोधन संस्था) किंवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांना स्वतः ईमेल लिहावा. दहा लिहिल्यावर एखादं उत्तर येतं. ईमेलमध्ये त्या तीन इलेक्ट्रॉनांबद्दल तिला काय वाटतं ते चार ओळींत लिहावं, मार्कशीट त्यानंतर जोडावी.